घूंऽऽऽचा पाठलाग

स्विच टाकला. पाच-दहा सेकंद काहीच नाही. मग काचेच्या पोटात नारंगी तार हळूहळू उजळली, खोलीतल्या चौघांनी एकदम मोबाइल बाहेर काढले, व्हिडिओ सुरू झाला आणि स्पीकर बोलला : घूंऽऽऽ.

गिटार अजून लावलीही नव्हती. व्हॉल्यूम शून्यावर होता. तरी घूंऽऽऽ. त्या व्हिडिओत शेवटी एकाचा आवाज ऐकू येतो, ‘कूलर बंद कर ना बे!’ कूलर बंदच होता.

तुम्ही घरी ट्यूबचा गिटार अ‍ॅम्प बांधला असेल, बांधत असाल, किंवा आजोबांचा माळ्यावरचा रेडिओ पाहून डोक्यात किडा वळवळायला लागला असेल, तर हा क्षण तुमच्याही वाट्याला येणार आहे. पहिल्या झटक्यात मुका बसलेला घरगुती अ‍ॅम्प मी अजून पाहिलेला नाही. हम सापडतो. त्याला पकडायची पद्धत आहे, आणि ती पद्धत म्हणजे बारावीच्या फिजिक्सचा सगळ्यात मजेदार उपयोग आहे. पण आधी त्या रात्री आम्ही काय मूर्खपणा केला ते सांगतो.

अ‍ॅम्प साधाच होता. एक ईसीसी-८३, एक ईएल-८४ आणि रेक्टिफायर म्हणून ईझेड-८०. शेवटचे दोन आजोबांच्या रेडिओतून काढलेले. ईसीसी-८३ इतवारीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडून आणलेला, काचेवर अक्षरं होती बीईएल. म्हणजे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. हो, तीच, सैन्यासाठी रडार बनवणारी. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. एकेकाळी भारतात घराघरांत बातम्या आणि गाणी पोहोचवणारे हे व्हॉल्व्ह आज परदेशातले गिटारवाले शोधत फिरतात, आणि आपल्याकडे ते बिस्किटाच्या डब्यात पडून असतात. (रेडिओवाले त्यांना ‘व्हॉल्व्ह’च म्हणतात. त्यांच्या दुकानात ‘ट्यूब’ मागितली तर समोर ट्यूबलाइट येते. स्वानुभव.)

तर, हम. रेकॉर्डिंग करून पाहू म्हणून आम्ही अ‍ॅम्पला लॅपटॉप जोडला, आणि हम दुप्पट झाला. मग आमच्यातल्या एकाने, तो कोण हे सांगत नाही, कारण तो हे वाचणार आहे, प्लगची वरची जाड पिन बोर्डात जाऊच दिली नाही. दोन पिनचा अडॅप्टर मध्ये घातला. हम एकदम खाली. टाळ्या. रात्री दोनपर्यंत आम्ही तसंच वाजवलं.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प उचलून काकांच्या दुकानात नेला. त्यांनी आवाज ऐकायच्या आधी प्लग पाहिला. मग मल्टिमीटरचं एक टोक चेसिसला आणि दुसरं दुकानाच्या अर्थिंगला लावलं. काटा नव्वदच्या वर गेला. चेसिस म्हणजे गिटारच्या केबलची जाळी, जाळी म्हणजे ब्रिज, ब्रिज म्हणजे तारा, आणि तारांवर आमची बोटं.

काका एवढंच म्हणाले, “चौकीदार घोरते म्हणून त्यालेच काढून टाकलं का बे, पोट्टेहो?”

ते नव्वद व्होल्ट म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून झिरपणारा अगदी बारीक करंट होता. त्याने झिणझिण्या येतात, माणूस मरत नाही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी जाईल त्या दिवशी त्याच चेसिसवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. अर्थ पिन जागेवर असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर तो करंट रस्ता शोधत राहील, आणि एका हातात गिटार नि ओठ माइकला असा तुमच्याइतका सोपा रस्ता त्याला दुसरा मिळायचा नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे चालू कार्यक्रमात असाच गेला. अर्थ नसलेल्या माइकला हात लागला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये स्वतःच्या घरात, नीट अर्थ नसलेल्या उपकरणावर गिटार वाजवताना. आणि एवढं लांब कशाला जायचं? दर उन्हाळ्यात आपल्याच पेपरात कूलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या येतात ना? लोखंडी पेटी, तुटका किंवा नसलेला अर्थ, ओले हात. तुमचा अ‍ॅम्प हाही एक लोखंडी पेटीच आहे.

म्हणून अर्थ पिन कापायची नाही, वाकवायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायचा नाही. लॅपटॉप लावल्यावर हम वाढतो याचा अर्थ चार्जर आणि अ‍ॅम्प दोघांनाही आपापला अर्थ आहे, आणि ऑडिओ केबलमुळे त्यांचं एक मोठं कडं तयार झालंय. ते कडं सिग्नलच्या बाजूने तोडायचं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा, किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स टाका. मेनच्या बाजूला कात्री न्यायची नाही.

आणि घरच्या बोर्डात अर्थची वायर खरंच आहे का, तेही बघून घ्या. जुन्या वाड्यांतल्या, भाड्याच्या खोल्यांतल्या बोर्डांत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं. समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. फेज-अर्थमध्ये मल्टिमीटरने जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दाखवायला हवं. वायर तुटलेली असेल तर मीटर कधी फसवतंही, म्हणून शंका वाटली की वायरमनला बोलवा. त्यात आपला मे महिना. जमीन सुकून दगड झाली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स चढतो. जुन्या घरांत उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात ते काही अंधश्रद्धा म्हणून नाही.

पेटी उघडण्याआधी

ट्यूब अ‍ॅम्पच्या आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टला भरला तर त्यात दोन जूलच्या वर ऊर्जा असते. अर्धा गुणिले सी व्ही स्क्वेअर, करून बघा. ती हातातून गेली तर तुमचा हात आपोआप मागे झटकला जाईल आणि कोपर भिंतीवर आपटेल. आणि हे नशीब बरं असेल तर. म्हणून १० किलोओहमचा पाच-दहा वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड क्रोकोडाइल क्लिप लावून, कंडेन्सरच्या दोन टोकांना धरायचा. तीनेक सेकंदांत काम होतं. पण ‘झालं असेल’ यावर विश्वास नाही ठेवायचा, मल्टिमीटर लावून वाचायचं.

घरात आरसीसीबी आहे, करंट लागला की ट्रिप होईल, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा : आरसीसीबी फक्त ट्रान्सफॉर्मरच्या मेनच्या बाजूची चूक ओळखतो. सेकंडरीच्या ३०० व्होल्टला एक हात आणि चेसिसला दुसरा लागला तर तो करंट आतल्या आत फिरतो, बाहेरच्या आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. त्यामुळे चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप करताना दुसरा हात खिशात. पायात रबरी चप्पल. आणि खोलीत कुणीतरी दुसरं, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे माहीत आहे. झोप येत असेल तर पेटी बंद करा. उद्याही हम तिथेच असणार आहे.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा. आयटीआयच्या कुठल्याही पोराला विचारा, तो दहा मिनिटांत बनवून देईल : एका होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब, आणि तुमचा अ‍ॅम्प त्याच्या सिरीजमध्ये. एलईडी चालणार नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला. बर्डीत कपॅसिटर नि रेझिस्टर केव्हाही मिळतील, ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा वाइंड करून घ्यायला जीव जातो.

हम कुठल्या सुरात आहे?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे तुमचा कान मीटरपेक्षा पुढे धावतो.

आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायर तिची खालची बाजूही वर वळवतो, म्हणून त्याच्यामागून जे तरंग उरतात ते १०० हर्ट्झचे. म्हणजे तुमच्या पेटीत दोन वेगळे हम राहू शकतात, बरोब्बर एका सप्तकाच्या अंतराने. आता गिटारची सगळ्यात जाड ई तार घ्या, तिसरा फ्रेट दाबा. तो जी आहे, ९८ हर्ट्झ. हम त्याच्याशी जवळपास जुळला, फक्त किंचित चढा वाटला, तर तो १०० हर्ट्झ. बेस गिटारवर तीच तार, तोच फ्रेट म्हणजे ४९ हर्ट्झ. हम तिथे जुळला तर तो ५०. कानाचा भरवसा नसेल तर मोबाइलवरचं ट्यूनर स्पीकरसमोर धरा. दोन्ही वेळा जी दाखवेल, साधारण ३५ सेंट चढा. सप्तक कुठलं ते बघा. (अमेरिकन पुस्तकं ६० आणि १२० हर्ट्झ लिहितात, कारण तिकडची वीज ६० ची. ते आकडे इकडे घोकू नका.)

५० असेल तर संशय हीटरच्या वायरवर, अर्थच्या कड्यावर, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर. १०० असेल तर फिल्टर कंडेन्सरवर किंवा ग्राउंड कुठे जोडलं आहे त्यावर. आणखी एक फरक : नुसता गोल, मऊ ‘घूंऽ’ असेल तर बहुधा फिल्टर कमी पडतोय. त्याला माशीसारखी धार असेल, ‘झ्झ्झ’, तर बहुधा ग्राउंडची जागा चुकली आहे.

मग अर्धं अर्धं करत जायचं. व्हॉल्यूम फिरवला की हम बदलतो का? बदलत असेल तर चोर व्हॉल्यूमच्या आधी, नसेल तर नंतर. अ‍ॅम्प बंद करा, थांबा, ईसीसी-८३ काढा, पुन्हा चालू करा. हम गेला तर चोर त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. राहिला तर ईएल-८४ किंवा पॉवर सप्लाय. दोन मिनिटांत तुम्ही शोधाशोध चौथाईवर आणली.

आणि हम फक्त गिटार लावल्यावर येत असेल, गिटार घेऊन खोलीत फिरल्यावर कमी-जास्त होत असेल, तर अ‍ॅम्पला शिव्या देऊ नका. तो तुमचा सिंगल कॉइल पिकअप आहे. तो एक अँटेनाच, पंख्याचा रेग्युलेटर नि एलईडीचा ड्रायव्हर सगळं ऐकतो. हमबकर पिकअपला हमबकर म्हणतात ते उगाच नाही : दोन कॉइल उलट गुंडाळून हमला हमनेच मारलेलं असतं.

पिन कुठून मोजायच्या?

आमच्या अ‍ॅम्पमध्ये एक नव्हे, तीन हम होते. पहिला हीटरचा.

हीटरला ६.३ व्होल्ट एसी जातो, पण ईएल-८४ एकटा पाऊण अँपिअर ओढतो. म्हणजे पेटीतला सगळ्यात जाड एसी करंट त्या दोन वायरींतून फिरतो, आणि आम्ही त्या दोन वायरी मोकळ्या, शेजारी शेजारी, ईसीसी-८३ च्या ग्रिडजवळून नेल्या होत्या. त्या एकमेकींभोवती घट्ट पिळायच्या, वेणीसारख्या. मग एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खाऊन टाकते. ही वेणी सगळ्यात आधी घालायची, चेसिसच्या कोपऱ्याला चिकटवून न्यायची आणि सॉकेटवर वरून उतरवायची; बाकीचं वायरिंग नंतर. ट्रान्सफॉर्मरला ६.३ चा मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला एकेक १०० ओहमचा रेझिस्टर लावा. तो टॅपचंच काम करतो. ही सोय आम्ही पूर्ण विसरलो होतो. हीटर हवेतच तरंगत होते.

आणि एक चूक सांगायची लाज वाटते, पण सांगतो. ईसीसी-८३ मंद पेटायचा. आम्हाला वाटलं, जुना आहे बिचारा. खरं म्हणजे त्याच्या हीटरचे दोन अर्धे भाग असतात : पिन ४ आणि ५ ही दोन टोकं, ९ ही मधली. ६.३ व्होल्टवर चालवायचा तर ४ आणि ५ एकत्र जोडून एक बाजू, ९ ही दुसरी. आम्ही ४ आणि ५ मध्येच ६.३ दिले होते, म्हणजे प्रत्येक अर्ध्याला सव्वातीन. उपाशीपोटी तो काय गाणार? ईएल-८४ ला मात्र हीटर सरळ ४ आणि ५ वरच असतो. तिथून नजर घसरली.

पिन मोजण्याचा घोळही असाच होतो. डेटाशीटमधलं चित्र खालून पाहिलेलं असतं. सॉकेट उलटं धरा, जिथे पिनमध्ये मोठी फट आहे तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा. वरून मोजलंत तर सगळं आरशातलं होतं, आणि पिन ९ म्हणून तुम्ही १ ला डाग दिलेला असतो.

नाग नदीचं गणित

दुसरा हम तिखट होता, झ्झ्झवाला, १०० चा. हा शोधायला तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या तीन संध्याकाळींनी मला चार सेमिस्टरपेक्षा जास्त शिकवलं.

आपल्याला शाळेपासून सांगतात की ग्राउंड म्हणजे शून्य. सर्किटच्या चित्रात ते छोटं चिन्ह कुठेही काढा, सगळी एकच. कागदावर खरं आहे. पेटीत ग्राउंड ही एक वायर आहे, आणि वायरला रेझिस्टन्स असतो. नाग नदी आठवा. पश्चिमेला अंबाझरीच्या बाजूने येते, मग शहरभर एकेक नाला तिला मिळत जातो. नदी तीच, पण पाणी कुठे भरायचं याला महत्त्व आहे. पूर्वेकडे नाल्यांच्या खाली घागर बुडवून ‘नदीचंच पाणी आहे’ असं म्हणाल का?

अ‍ॅम्पमधला सगळ्यात मोठा नाला म्हणजे पहिला फिल्टर कंडेन्सर. रेक्टिफायर त्याला सतत भरत नाही. सेकंदाला शंभर वेळा, थोड्या थोड्या वेळासाठी धक्का देऊन भरतो. सरासरी ओढ पन्नास-साठ मिलिअँपिअरची असली तरी धक्का पाव अँपिअरच्या घरात जातो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा वीतभर तुकडा घ्या, रेझिस्टन्स जेमतेम ५ मिलिओहम. गुणाकार करा : सव्वा मिलिव्होल्ट. हसू आलं? आता गिटारच्या इनपुटचं ग्राउंड याच तुकड्याच्या खालच्या टोकाला जोडलेलं असेल तर हे सव्वा मिलिव्होल्ट गिटारच्या सिग्नलमध्ये मिसळतात. ईसीसी-८३ चा पहिला अर्धा भाग ते साठपट करतो, व्हॉल्यूम पूर्ण उघडा असेल तर दुसरा आणखी साठपट. झाले साडेचार व्होल्ट. ईएल-८४ ला पूर्ण ताकदीने वाजायला सातेक व्होल्ट पुरतात. म्हणजे अर्ध्याच्या वर ताकद नाल्याच्या पाण्यावर खर्च!

आम्ही ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप एका बोल्टला, पहिला कंडेन्सर दुसऱ्या बोल्टला आणि इनपुट जॅक थेट पत्र्याला जोडला होता. सगळे धक्के चेसिसच्या पत्र्यातून जॅकच्या पोटाखालून वाहत होते. उपाय असा की नाल्याला नदीत येऊच द्यायचं नाही. सेंटर टॅप सरळ पहिल्या कंडेन्सरच्या निगेटिव्ह पायावर, दोघांत दुसरं काही नाही. ते धक्के तिथल्या तिथे फिरतात. तिथून एक जाड तार : आधी ईएल-८४ चं ग्राउंड, मग दुसरा फिल्टर, मग ईसीसी-८३, शेवटी इनपुट. इनपुटचा जॅक प्लॅस्टिकच्या बॉडीचा, पत्र्याला न शिवणारा. ही तार चेसिसला एकाच जागी, इनपुटजवळ. मेनचा अर्थ मात्र वेगळा, स्वतःच्या बोल्टवर, वायर आत येते तिथेच, दोन नट लावून. ट्रान्सफॉर्मर बसवायचाच बोल्ट त्यासाठी वापरू नका, तो कधीतरी ढिला होतो. आणि बोल्टखालचा रंग खरवडा! आमच्या एका बोल्टखाली सुंदर काळा पावडर कोट होता, ज्यातून काहीच जात नव्हतं.

फिल्टर वाढवून हम जाईल असं वाटून कुणी १०० मायक्रोफॅरड ठोकतो. ईझेड-८० पुढचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर न्यायचा नाही, भरण्याच्या धक्क्याने व्हॉल्व्हच मरतो. वाढवायचं तर दुसऱ्या पायरीला वाढवा. आणि आजोबांच्या रेडिओतले मूळ कंडेन्सर वापरूच नका. व्हॉल्व्ह पन्नास वर्षं टिकतो, इलेक्ट्रोलिटिक सुकतो. दोन पॉवर व्हॉल्व्हच्या पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये सप्लायचा बराचसा हम ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकांना खोडून काढतो. आपल्या एकट्या ईएल-८४ ला ती चैन नाही.

तिसरा हम ट्रान्सफॉर्मरचा. पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर शेजारी एकाच दिशेने बसवले होते, आणि एकाचं क्षेत्र दुसऱ्यात घुसत होतं. बसवण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरच्या टोकांना जुना हेडफोन जोडा, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू करा (त्याच्या बाकीच्या सगळ्या वायरींची टोकं नीट टेपने झाकून) आणि आउटपुटवाला हळूहळू फिरवा. एका कोनात हेडफोन गप्प होतो. तिथे पेन्सिलने खूण. आम्ही भोकं आधी पाडली होती, त्यामुळे नवीन भोकं पडली. चेसिस अजून चाळणीसारखी दिसते.

आकडे वाचा

मीटर हातात असेल तर व्होल्टेज सगळं सांगतात. ईएल-८४ चा कॅथोड, पिन ३ : १३५ ओहमचा रेझिस्टर असेल तर सात-साडेसात व्होल्ट. ७.३ भागिले १३५, साधारण ५४ मिलिअँपिअर. त्यातले ४८ अ‍ॅनोडचे. २५० व्होल्ट गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॅट, हीच या व्हॉल्व्हची कमाल मर्यादा. कॅथोडवर बारा-चौदा व्होल्ट दिसले तर तो जळतोय. ईसीसी-८३ चा अ‍ॅनोड १५० ते १८० च्या आसपास, कॅथोड एक-दीड व्होल्ट. अ‍ॅनोडवर पूर्ण सप्लायचं व्होल्टेज दिसलं तर व्हॉल्व्हमधून करंटच जात नाही : कॅथोडचा डाग सुटलाय, किंवा हीटर उपाशी. रात्री उशिरा लोड उतरला की मेनचं व्होल्टेज चढतं, म्हणून हीटरही मोजा, ५.७ ते ६.९ च्या बाहेर नको.

आणि ईएल-८४ च्या ग्रिडवर, पिन २ वर, डीसी शून्य हवा. काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. खोली अंधारी करून पाहा, आतला राखाडी पत्रा लाल होतो. असा लाल दिसला की वाक्य पूर्ण करू नका, स्विच बंद करा.

बाकीचे आवाज पटकन. चालू करताच कर्कश शिट्टी? स्पीकरकडून मागे आणलेला फीडबॅक उलटा लागलाय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. अधूनमधून खरखर? ड्राय सोल्डर. संक्रांतीच्या फाटक्या पतंगाची कोरडी कामटी घ्या आणि चालू अ‍ॅम्पमध्ये एका हाताने एकेक जोड हलकेच दाबत जा. ज्यावर ‘खर्र’ म्हणेल तो पुन्हा गरम करा. व्हॉल्व्हवर टिचकी मारली की ‘टण्ण’? तो मायक्रोफोनिक झालाय, दुसऱ्या जागी लावा.

इतकं झाल्यावर आमची पेटी खरंच गप्प झाली. व्हॉल्यूम पूर्ण, स्पीकरला कान लावला तर बारीक ‘सूंऽ’, बस्स. आम्ही केबल लावली. आणि शांततेत, फार लांबून, एक बाई मराठीत बातम्या वाचायला लागल्या.

आकाशवाणी नागपूर, मध्यम लहरी, ५८५ किलोहर्ट्झ. १९४८ सालापासूनचं केंद्र. आमची दहा फुटांची केबल झाली एरियल आणि ईसीसी-८३ चा पहिला ग्रिड झाला डिटेक्टर. यावर उपाय आहे : ६८ किलोओहमचा रेझिस्टर, ग्रिडच्या पिनला अगदी चिकटवून. व्हॉल्व्हची स्वतःची सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आणि तो मिळून वीसेक किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाली पाडतात. गिटार तिथपर्यंत जातही नाही. रेझिस्टर टेबलावर होता, सोल्डरिंग गन गरम होती.

“थांब ना बे,” अर्थ पिनवाला म्हणाला, “हवामान येऊन राहिलं.”

उद्याचं कमाल तापमान ऐकलं आणि मग डाग दिला.